किल्लीसकट कुलूप

सकाळी सहाला ग्रंथपालबाई वडिलांचा हात धरून खाली उतरल्या आणि जागच्या जागी थांबल्या. गाडीच्या दाराची काच फुटून सीटवर पसरली होती. स्टिअरिंगखालचं झाकण उचकटून पायाशी पडलं होतं. किल्ली घालायच्या कुलपात कुणीतरी स्क्रूड्रायव्हर ठोकून असा पिळला होता, की किल्लीच्या भोकाचं नुसतं भगदाड उरलं होतं. चोराला गाडी नेता आली नव्हती. पण बाईंनाही ती आता हलवता येईना.

"हात झडोत मेल्याचे!" बाई भररस्त्यात ओरडल्या. ज्या बाई वाचनालयात कुणाला खोकूही देत नसत, त्यांचा हा आवाज ऐकून तीन मजल्यांच्या खिडक्या उघडल्या.

राग नुसत्या कुलपाचा नव्हता. वडिलांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. एक दिवसाआड, सकाळी सात वाजता, डायलिसिस. ती वेळ चुकली की पुढचा रुग्ण रांगेत उभाच असतो. त्या दिवशी टॅक्सी मिळेपर्यंत पाऊण तास गेला आणि चार तासांचं डायलिसिस सव्वातीन तासांवर आटपावं लागलं. संध्याकाळपर्यंत वडिलांचे पाय सुजून खांबासारखे झाले. उशीला टेकून ते धापा टाकत होते आणि तरी लेकीला म्हणत होते, "अगं, होतंय मला बरं." बाई स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत होत्या.

दुपारी त्या पोलीस ठाण्यात जाऊन आल्या होत्या. अंमलदार म्हणाले, "गाडी जागेवर आहे ना? मग चोरी कुठे झाली?"

"म्हणजे गाडी गेल्यावर येऊ? तोवर माझ्या वडिलांना खांद्यावर नेऊ?" बाईंनी टेबलावर अशी थाप मारली की पेनस्टँड आडवा झाला. तक्रार लिहून घेतल्याशिवाय त्या उठल्या नाहीत.

कुलूप बघायला आल्या त्या कुलूपवाल्या मावशी. साठी उलटलेली, कमरेला हत्यारांचा पट्टा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. नवऱ्याच्या हाताखाली शिकल्या आणि त्याच्या माघारी दुकान एकटीनं चालवलं. स्टिअरिंगखाली आडव्या होऊन त्यांनी टॉर्च मारला आणि जीभ टाळ्याला लावून "च्च" केलं.

"ह्यात दुरुस्त करण्यासारखं काही राहिलेलं नाही, बाई. अख्खं कुलूप बदलायला हवं. जुन्या बनावटीची गाडी, म्हणजे मागवायला लागेल. आठ-दहा दिवस तरी."

"आठ दिवस! अहो, पहाटे टॅक्सी मिळत नाही इकडे!"

"कळतंय मला. पण कुलूप काही मी घरी पिकवत नाही."

बाईंचा धाकटा भाऊ हे ऐकत होता. आयुष्यात कुठलीही वस्तू छापील किमतीला घेतली नाही, म्हणून सारी गल्ली त्याला 'सवलत' म्हणायची, आणि त्याला त्याचा अभिमानच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो विजयी वीरासारखा घरात शिरला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं.

"घे ताई! तुझ्याच गाडीला बसणारं कुलूप. अस्सल कंपनीचं, अर्ध्या किमतीत, तेही किल्लीसकट! मंडईमागच्या जुन्या स्पेअर पार्टच्या गल्लीत मिळालं. मावशी म्हणे आठ दिवस. आपण एका दिवसात आणलं!"

बाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी बिलाचं विचारलंही नाही. आपण तरी कुठे विचारतो? लगेच मावशींना फोन गेला.

मावशी आल्या. चष्मा चढवला, कुलूप हातात घेतलं, खिडकीपाशी नेऊन उलटंपालटं केलं. मग ते टेबलावर ठेवून दिलं आणि पट्ट्याचं बक्कलही सोडलं नाही.

"हे मी बसवणार नाही."

"का? बसत नाही का?" सवलतनं विचारलं.

"बसतंय की. पण हे बघ. हे कुलूप ज्या बोल्टांनी बसवतात त्यांची डोकी मुद्दाम मोडून टाकतात, सहज निघू नये म्हणून. काढायचं तर छिन्नीनं तोडावं लागतं. ह्या छिन्नीच्या खुणा अजून चकाकताहेत. गंजाचा ठिपका नाही." मग त्यांनी किल्ली उचलली. तिच्या डोक्यावर पारदर्शक पट्टीखाली गॅरेजची कागदाची चिठ्ठी होती. "आणि ही तारीख वाच. बारा दिवसांपूर्वी ह्या गाडीचं सर्व्हिसिंग झालंय. पैसे खर्चून सर्व्हिसिंग केलेली गाडी लगेच भंगारात घालणारा एक माणूस मला दाखव."

मग बाईंचा संताप उसळला, तो मावशींवरच!

"मावशी, तुम्हाला काय जातंय तत्त्वं सांगायला? उद्या सातला बाबांना तिथे पोचवायचंय मला! आणि आम्ही चोरी केलीय का? आम्ही नाही घेतलं तर दुसरा कुणी घेईलच ना!"

"तो दुसराही हेच म्हणतो, बाई." मावशींचा आवाज चढला नाही. "तुम्ही कालपासून चोराला शिव्या घालताय. चोराला तुमची गाडी काय फिरायला हवी होती? विकायला हवी होती. दार एकाला, आरसा दुसऱ्याला, कुलूप तिसऱ्याला. तो जो स्क्रूड्रायव्हर तुमच्या गाडीत घुसला ना, तो असंच अर्ध्या किमतीचं सामान शोधणाऱ्या कुणा ताईसाठी घुसला होता!"

बाईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"आणि मी काही सोवळी नाही," मावशी खाली बघत म्हणाल्या. "पंधरा वर्षं बसवली मी असली कुलपं. म्हणायचे, आपण हातकाम करणारी माणसं, माल कुठला ते गिऱ्हाईक जाणे. एकदा असंच एक कुलूप आलं. त्यावर एक तिरका ओरखडा होता. माझाच. महिन्याभरापूर्वी मीच ते एका शिकवणीवाल्या बाईंच्या गाडीत बसवलं होतं, तेव्हा माझी छिन्नी घसरली होती. म्हणजे त्यांची गाडी गेली, कापली गेली, आणि तिचा तुकडा फिरून माझ्याच हातात. त्या दिवसापासून बंद."

पलंगावरून वडील हसले. खरं तर खोकले, पण त्यात हसू होतं. "वा रे वा! मी चाललोय रक्त साफ करून घ्यायला, आणि जायचं कशानं, तर चोरीच्या कुलपानं! पोरांनो, मला बैलगाडीतून न्या, पण हे नको."

सवलतनं पुडकं उचललं. "बरं, ठीक आहे. परत करून येतो. विषय संपला."

"म्हणजे तो उद्या दुसऱ्याला विकायला मोकळा," मावशी म्हणाल्या.

बाईंनी भावाच्या हातून पुडकं काढून घेतलं. चिठ्ठीवर गॅरेजचा फोन आणि गाडीचा नंबर होता. त्यांनी गॅरेजला फोन लावला. गॅरेजवाल्यानं निरोप पोचवला असावा, कारण दहाव्या मिनिटाला बाईंचा फोन वाजला आणि अर्ध्या तासात एक माणूस धावत जिना चढून आला. बोटं साबणानं पांढरी पडलेली, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

तो लाँड्रीवाला होता. दहा दिवसांपूर्वी एका इमारतीत कपडे पोचवायला दोन मिनिटांसाठी वर गेला, किल्ली गाडीतच राहिली. खाली आला तर गाडी नाही. गाडीत गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गाठोडी होती.

त्यानं किल्ली बघितली. "माझीच आहे. हा हिरवा ठिपका बायकोनं नेलपॉलिशनं दिलाय, दुकानाच्या किल्लीत गल्लत होऊ नये म्हणून." मग त्यानं मान वर केली. "कुणी आणलं हे?"

सवलत पुढे झाला. "मी... मला माहीत नव्हतं हो..."

"माहीत नव्हतं? अर्ध्या किमतीत मिळालं ना? मग अर्धं तरी माहीत होतं!" लाँड्रीवाल्यानं किल्ली मुठीत आवळली. "गाडी गेली त्याचं नाही एवढं. लोक म्हणतात, यानंच आमचे कपडे विकले आणि चोरीचं सोंग आणलं! वीस वर्षं दुसऱ्याच्या खिशात राहिलेली नोटसुद्धा इस्त्री करून परत दिलीय मी! आणि आता समोरच्या दारातली म्हातारी मला बघून दार लावून घेते. त्याची किंमत किती लावलीत तुम्ही? सांगा ना, त्यात किती सवलत मिळाली?"

त्याला टोपणनाव माहीत नव्हतं. पण तो शब्द भावाला असा लागला की तो मटकन खुर्चीत बसला.

बाई उठल्या. "चल. ठाण्यात."

"ताई, अगं मलाच आत टाकतील! चोरीचा माल घेतला म्हणून!"

"टाकलं तर टाकलं. डबा मी आणून देईन."

ठाण्यात तेच अंमलदार होते. सगळं ऐकून ते खुर्चीत मागे रेलले. "काय हो बाई, काल चोर पकडा म्हणून टेबल बडवत होतात. आणि आज चोरीचा माल तुमच्याच घरात?"

"हो," बाई म्हणाल्या. "काल मला अर्धंच कळलं होतं. आता पूर्ण कळलंय, तर लिहून घ्या."

अंमलदारांनी मग मात्र खुर्ची पुढे ओढली. सवलतनं दुकानाची खूण सांगितली, दुकानदाराचा चेहरा सांगितला, आणि "बिल मी मागितलं नाही, कारण मला ते नकोच होतं" हेही स्वतःच्या तोंडानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या दुकानावर छापा पडला. लाँड्रीवाल्याच्या गाडीची दोन दारं सापडली, सीट सापडली आणि माळ्यावर कपड्यांची गाठोडी सापडली. उरलेली गाडी गेली ती गेलीच. बाईंचं कुलूप फोडणारा कोण, तेही आजतागायत कळलेलं नाही.

लाँड्रीवाल्यानं ते सगळे कपडे पुन्हा धुतले, इस्त्री केले आणि पंचनाम्याची नक्कल हातात घेऊन घरोघरी नेऊन दिले. समोरच्या दारातल्या म्हातारीच्या घरी त्याच्यासोबत सवलत गेला होता. म्हातारीला म्हणाला, "आजी, चूक ह्यांची नव्हती. माझ्यासारख्यांची होती."

मावशींनी मागवलेलं नवं कुलूप यायला नऊ दिवस लागले. जो सवलत नऊच्या आत कधी अंथरूण सोडत नसे, तो त्या नऊ दिवसांत डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळीच टॅक्सी ठरवायचा, पहाटे पाचला उठून वडिलांना खाली आणायचा आणि डायलिसिस संपेपर्यंत बाहेर बाकावर बसायचा. तिथे सुया टोचलेल्या हातांकडे बघत त्यानं काय विचार केला, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण परवा त्याच्या ऑफिसात एकानं कौतुकानं नवा फोन दाखवला, बिनबिलाचा, मातीमोल भावाचा. सगळे "कुठे मिळाला, मलाही सांग" म्हणत गोळा झाले. सवलत तेवढा जागेवरून ओरडला, "कुणाचा आहे तो?" सगळे हसले. तो हसला नाही. त्यानं पुन्हा विचारलं, आणि फोनवाला उत्तर न देता निघून जाईपर्यंत तो विचारत राहिला.

नागरिकहो, चोराला शिव्या देणं फार सोपं आहे. त्या आपण मोठ्यांदा देतो आणि मग खिशात हात घालून त्याचाच माल विकत घेतो! गिऱ्हाईक नसेल तर कुठला चोर रात्र जागवील? बिलाविना अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या वस्तूची उरलेली अर्धी किंमत माफ झालेली नसते. ती कुणीतरी रडत भरलेली असते. ती कुणी भरली, हे विचारण्याची हिंमत ज्याच्यात नाही, त्यानं चोराच्या नावानं ओरडू नये!