घरचं शेवटी

दर रविवारी सकाळी बाबांचा व्हॉइस मेसेज यायचा. दांडिया बाजारातून त्याच शहरातल्या फतेगंजला, लेकीला. क्रम ठरलेला असे: आधी आठवड्यात वाचलेलं पुस्तक, मग सिनेमा, मग मॅच, आणि घरचं शेवटी. नियम एकच, पण कडक. मॅच पाहिली नसेल तर मेसेज उघडायचा नाही. निकाल आधी कळणं म्हणजे जेवायच्या आधीच आचवणं, असं बाबांचं मत.

शेवटचा मेसेज सात बेचाळीसला आला होता. मोहनानं तो पाहिला आणि ठेवून दिला. बॅडमिंटनची फायनल तिनं रेकॉर्ड करून ठेवली होती. घरातलं आवरून अकराला ती टीव्हीसमोर बसली. दुसरा गेम ऐन रंगात असताना बाबांच्या घरून विमलआत्याचा फोन आला, "ये लवकर. रमाकांत उठत नाहीये."

तेराव्याच्या दिवशी पानं वाढता वाढता आत्या बोलून गेली, "सकाळी छातीत जळजळतंय म्हणत होता. म्हटलं, मोहनाला फोन कर. तर म्हणे, निरोप पाठवतो तिला."

तेव्हापासून मोहनाला स्वतःच्या फोनची भीती वाटत होती. दोन महिने झाले, मेसेज तसाच होता. चार मिनिटं अकरा सेकंद. त्यात 'ये' असा एखादा शब्द असला तर? तीन तास ती इथं कपडे वाळत घालत होती.

आज ती दांडिया बाजारात आली, तर हंबीरराव दारातच उभे. बाबांच्या शनिवारच्या मंडळातले. तिथं सगळे नवं काय वाचलं, पाहिलं ते सांगत आणि भांडत.

"सहाला मंडळात ये. रमाकांतनं शेवटचं काय वाचलं, काय पाहिलं, ते तू सांग. भाषण नको हं, पाच मिनिट बस थयुं, तेवढं पुरे. त्याच्या खुर्चीत अजून कोणी बसत नाही. मी बसलो एकदा, तर सगळे असे बघायला लागले, जशी चोरलीच मी!"

मोहना हो म्हणाली.

हंबीरराव गेल्यावर आत्यानं विचारलं, "त्या मेसेजात असेल ना सगळं?"

"असेल."

"मग ऐक." आत्यानं कानातलं ऐकायचं मशीन काढून पदराच्या टोकात बांधलं. "मी नाही ऐकणार. तूच ऐक."

गाठ तिला दोनदा बांधावी लागली. मोहनाच्या तेव्हा लक्षात आलं, की घाबरलेली ती एकटी नव्हती.

तिनं बटण दाबलं. बाबा खाकरले. पुस्तक: एका घड्याळजीची कादंबरी, "शंभर पानं जास्तीची, पण माणूस खरा." सिनेमा: "मध्यंतरापर्यंत उत्तम, पुढे दिग्दर्शकाला घरी जायची घाई." मोहनाला हसू आलं आणि त्याचीच भीती वाटली. मग बाबा म्हणाले, "आता मॅच. पाहिली नसशील तर थांब इथंच."

तिचं बोट सवयीनं थांबलं. त्या सकाळी ऐकायला बसली असती, तरी इथंच थांबली असती. अजून पन्नास सेकंद उरले होते.

तिनं पुन्हा दाबलं. फायनलमधली आपली पोरगी तिसऱ्या गेममध्ये हरली होती. "पण काय हरली गं!" मग बाबा जरा थांबले. श्वास ऐकू आला.

"आता घरचं. छातीत जरा जळजळतंय. घाम येतोय. विमलनं ओवा दिलाय. ती फोन कर म्हणून मागं लागली होती, मीच नको म्हटलं. तिला रागावू नकोस. मॅच बघितलीस ना? मग ये आता."

मोहनानं फोन मांडीवर ठेवला. जे असू नये असं तिला वाटत होतं, तेच होतं, तिला भीती होती त्याच शब्दात. त्यापुढे काही नव्हतं.

आत्या तिच्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणाला?" तिनं मोठ्यानं विचारलं. "माझं काही?"

"आपली पोरगी हरली म्हणाले," असं सांगून मोहना उठू शकली असती. तिनं आत्याच्या पदराची गाठ सोडली, मशीन तिच्या कानात नीट बसवलं, आणि मेसेज मागे नेला. मॅचपर्यंत नाही, फक्त घरच्यापर्यंत.

"हे तुझ्यासाठी आहे, आत्या," ती म्हणाली. "ऐक."