करदोट्यातली किल्ली

रेसिंग सायकलचं पुढचं चाक माधवनगरात कुणा भामट्यानं लांबवलं, तेव्हा धवलनं नव्या चाकाला किल्लीनंच सुटणारा कुलपाचा दांडा बसवून घेतला. किल्ली एकच, ती त्यानं करदोट्यात ओवली. "आता माझ्याबिगर चाक कुणाला निघायचं न्हाई, आण्णा!" तो बापाला म्हणाला.

महिन्याभरात ट्रकनं त्याला सायकलसकट चिरडलं. चितेवर ठेवण्याआधी करदोटा तोडतात, पण आण्णांचा हात धजला नाही. घरी ते वाकडं चाक डोळ्यांसमोर नको म्हणून त्यांनी हातोडा हाणून पाहिला. चोरासाठी केलेलं कुलूप बापालाही दाद देईना.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेल्यावर सगळे अस्थी वेचत होते. आण्णा राखेत किल्ली चाचपत होते. ती सापडली, काळीठिक्कर. घरी पहिल्याच फिरकीला चाक निघालं.

आण्णांनी किल्ली पुसून स्वतःच्या करदोट्यात ओवली. "माझाबी कुणी तोडू नका," ते म्हणाले.