रविराजचा गजर

"ऊठ की रव्या, बस गेली!"

पोराला अग्नी देऊन आलेल्या घरात दुसऱ्या दिवशी पहाटे हा आवाज झाला आणि सारजाबाई अंथरुणात ताडकन उठून बसल्या. आवाज रविराजचाच, त्यांच्या लेकाचा. फर्स्ट शिफ्टला स्वतःला उठवायला त्यानं आपल्याच आवाजात फोनमध्ये गजर भरून ठेवला होता. तरीही तो झोपायचा, ही गोष्ट वेगळी. आदल्या दिवशी असाच झोपून राहिला, कंपनीची बस चुकली, म्हणून मोटरसायकल काढली आणि चाकणच्या चौकात कंटेनरखाली गेला. फोनला मात्र साधा ओरखडा नाही.

बबनरावांनी, म्हणजे त्याच्या बापानं, तो फोन हातातून खाली ठेवला नाही. मागं कधीतरी गंमत म्हणून रविराजनं बापाचाही अंगठा त्यात नोंदवला होता. अंगठा टेकवला की फोन उघडायचा, आणि आत व्हिडिओच व्हिडिओ. दिसायचे बबनराव, कांद्याला पाणी धरताना. ऐकू यायचा रविराज. "आप्पा, इकडं बघा. हसा की जरा." लेक वर्षाराणी म्हणाली, "आप्पा, द्या, माझ्या फोनात उतरवून घेते." बबनराव म्हणाले, "राख सावडून हू दे, मग घे." तेवढ्यापुरताही तो दुसऱ्याच्या हातात देववेना.

तिसऱ्या दिवशी सावडायला गाव जमला. नैवेद्य मांडला आणि माणसं कावळा शिवायची वाट बघत लांब उभी राहिली. कावळा उतरला, उड्या मारत जवळ आला, तेवढ्यात बबनरावांच्या खिशात रविराजचा फोन वाजला. कुठल्याशा मित्राला बातमी कळली नव्हती. कावळा उडाला. भावकीतले रंगराव डाफरले, "बंद करा की रं फोन." ज्यानं त्यानं आपापला बंद केला. बबनरावांनी पोराचा केला, पार बंद. मग कावळा आला आणि लगेच शिवला. पोराची काही इच्छा मागं राहिली नाही, असं सगळे म्हणाले.

घरी येऊन बबनरावांनी फोन चालू केला, अंगठा टेकवला. फोननं पिन मागितला. एकदा बंद करून चालू केला की आधी पिन लागतो, नुसता अंगठा चालत नाही, हे वर्षाराणीनं सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पिन फक्त रविराजला ठाऊक. जन्मतारीख टाकून झाली, गाडीचा नंबर टाकून झाला. फोन ढिम्म.

सुतकातच, त्याच दुपारी, बापलेक पिंपरीला सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. काउंटरवरची अंजली नावाची मुलगी बिचारी हळू बोलली. "काका, उघडायची सोय कंपनीनं आमच्याकडंही ठेवलेली नाही. लॉक काढला तर आतलं सगळं पुसलं जातं. चोराच्या हाती लागला तर उघडू नये म्हणून."

"पैसं माज्या पोरानं भरलं," बबनराव म्हणाले. "फोन आमचा. अंगठा बी माजाच हाय. मग मी चोर व्हय?"

"तसं नाही हो काका. तुमच्याच सुरक्षेसाठी आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. वस्तू विकायची आणि कुलूप मात्र आपल्या मर्जीचं ठेवायचं, वर म्हणायचं तुमच्याच भल्यासाठी. पण त्या मुलीला बोलून उपयोग नव्हता, तिचेच डोळे भरून आले होते. "पुसून देऊ का? वापरता तरी येईल," तिनं विचारलं. बबनराव फोन छातीशी धरून उठले.

परतताना बसमध्ये ते एकदम म्हणाले, "वर्षे, गजर तर वाजंल ना? त्याला कशाला पिन लागतोय?"

वर्षाराणीला माहीत नव्हतं. "वाजंल, आप्पा," ती म्हणाली.

रात्री सारजाबाईंनी फोन आपल्या आणि बबनरावांच्या मध्ये उशाशी ठेवला. झोप कुणालाच लागली नाही. पहाटे गजर खरंच झाला, पण आवाज रविराजचा नव्हता. तोही आतच अडकला होता. वाजत होती कंपनीनं भरून दिलेली धून, टिंग टिंग, कुणाच्याही फोनात वाजते तशी.

सारजाबाईंना ती ऐकवेना. त्यांनी हात पुढं केला.

"बंद नगं करू," बबनराव म्हणाले. "माज्या हातानं एकदा बंद केला, अन् पोरगं बोलायचं थांबलं."