बंदराची रांग

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि विचारलं, "दिवसाला किती बिड्या ओढता?"

"एकबी नाई," प्रेमदास म्हणाला.

डॉक्टरांनी मान न उचलताच कागदावर काहीतरी लिहिलं. स्टुलावर बसलेल्या प्रमिलाबाईचा मात्र चेहरा उतरला. बावीस वर्षांच्या संसारात नवरा खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. पण तो महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असायचा. वर्ध्याकडच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठींचा कंटेनर उचलायचा आणि मुंबईपलीकडच्या बंदरावर पोचवायचा. त्या वीस दिवसांत तो काय करतो, हे कोणी पाहिलंय?

नाचणगावला परतताना एसटीत तिनं विषय काढलाच. "खरं सांगा. मी रागावत नाई."

"विहारात पंचशील घेतो मी, प्रमिले, नशा करनार नाई म्हनून. ते काय खोटंच घेतो?"

"मंग फोटोत ते डाग कायचे?"

"मले काय मालूम!" तो म्हणाला आणि खोकत खिडकीबाहेर पाहत राहिला.

पुढच्या खेपेला प्रमिलाबाई सरळ ट्रकमध्ये चढून बसली. मुंबई पाहायची आहे, असं तिनं शेजारणींना सांगितलं. पाहायचं होतं ते वेगळंच. वाटेत धाब्यावर तो आंघोळीला गेला की ती त्याच्या शर्टाचे खिसे चाचपायची. खिशात बडीशेप, गाडीचे कागद, खोकल्याच्या गोळ्या. दोन दिवस झाले, बिडी काही सापडेना. ती आणखीच बुचकळ्यात पडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बंदर जवळ आलं आणि ट्रक थांबला. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, रांगेचं टोक कुठंच दिसेना. कोणी हलत नव्हतं, तरी सगळ्यांची इंजिनं धडधडत होती. बारा वाजेपर्यंत तिचे डोळे चुरचुरायला लागले. दोन वाजता घसा धरला. तिनं पदरानं तोंड पुसलं, तर लिंबू रंगाचा पदर काजळ लागल्यासारखा काळा.

"आपन तं उभेच हाओ. मंग इंजन काऊन चालू ठेवलं?"

"बंद केलं तं ब्रेकची हवा उतरते. ब्रेक धरून बसते. रांग हलली की लगेच निंघता येत नाई."

"आन् डिझेल?"

"जाते ना. तासाले दोन-अडीच लिटर."

"नुसतं उभं राह्याचं?"

"हव. कधी आठ तास, कधी रातभर. बावीस वर्सं झाली." हे त्यानं असं सांगितलं, जसं कोणी आपल्या गल्लीचा पत्ता सांगतं.

प्रमिलाबाई खाली उतरली. मागच्या ट्रकजवळ जाऊन तिनं हात जोडले. "भाऊ, जरा बंद करा ना गाडी." ड्रायव्हर हसला. "बहनजी, अंदर मछली है. बंद करूंगा तो सड़ जाएगी." हेही खोटं नव्हतं, कंटेनरमधून गार पाणी ठिबकत होतं. ती पुढच्या ट्रककडे गेली, मग त्याच्या पुढच्याकडे. एका बाईमाणसानं उन्हात येऊन विनवलं म्हणून असेल, चौघांनी इंजिनं बंद केली. तिनं परत येऊन प्रेमदासलाही बंद करायला लावलं. तेवढ्या तुकड्यात धडधड थांबली आणि कुठूनतरी कावळ्यांचा आवाज ऐकू आला.

तेवढ्यात रांग हलली. ते चौघं आणि प्रेमदास हवा भरेपर्यंत जागेवरच अडकले, बाजूच्या गाड्या पुढं घुसल्या, मागून भोंग्यांचा आणि शिव्यांचा पाऊस सुरू झाला.

"बस वरती, प्रमिले," प्रेमदास हळूच म्हणाला.

ती चढून बसली. तिलाही आता खोकला येत होता. रागवावं तर कोणावर? मासळीवाला खरा, भोंगे वाजवणारेही खरे, शेजारी बसलेला तर सगळ्यात खरा.

"मी उगाच तुमचे खिसे पाह्यले," ती म्हणाली.

"मले मालूम होतं," तो म्हणाला आणि त्यानं पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली.

गावी परतल्यावर ती स्वतः ट्रकच्या मालकाकडे गेली. यापुढं हे बंदरावर जाणार नाहीत, म्हणाली. मालकानं वाद घातला नाही. आता जिल्ह्यातच कंटेनरचं मोठं आवार झालं होतं. माल तिथवर ट्रकनं न्यायचा, पुढं समुद्रापर्यंत आगगाडीनं. प्रेमदासला ते काम मिळालं. तो रोज घरी जेवायला लागला आणि दिवाळीपर्यंत त्याचा खोकला निम्म्यावर आला. प्रमिलाबाईला वाटलं, सुटलो.

मग एका संध्याकाळी तिच्या थोरल्या बहिणीचा, कमलाबाईचा फोन आला. तिचं घर त्या आवाराच्या रस्त्यालाच होतं.

"प्रमिले, आमच्या दारापुढं सकाळपासून ट्रकाची रांग लागून राह्यली वं. वाळत घातलेले कपडे काळे होतेत. घरातले सारे खोकलून राह्यले. प्रेमदास जवाई त्यातच असतेत ना? त्याईले म्हनावं, उभे हाओ तं इंजन तरी बंद ठेवा!"

प्रमिलाबाईनं तोंड उघडलं. हवा, ब्रेक, मासळी, सगळं तिला तोंडपाठ होतं.

"सांगतो, ताई," ती कशीबशी म्हणाली.

समोर प्रेमदास वरणात भाकर कुस्करत होता. कितीतरी महिन्यांनी त्याला अशी भूक लागली होती. "काय म्हने ताई?"

"उद्या तुमच्यासंगं गाडीत येतो. ताईच्या घरापाशी उतरवजा मले."

"काऊन?"

तिथं जाऊन काय करायचं, हे तिलाही माहीत नव्हतं. "पाहू," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी वरण वाढलं.