मी तो हलका बांधला होता

लोवेलशी लग्न झाल्यापासून माझी प्रत्येक सुट्टी त्याच्या मोठ्या भावाच्या केबिनवर गेली. ड्वेनची केबिन तळ्याच्या अगदी काठावर आहे. फार छान आहे, असं सगळे म्हणतात. असेल. मला तिथली एकच खिडकी माहीत आहे, भांडी घासायच्या बेसिनवरची. पुरुष होडीतून मासे आणायचे, मी आणि ड्वेनची बायको डोलोरेस ते पिठात घोळवून तळायचो. मग ते पत्ते कुटत बसायचे आणि आम्ही कढया घासायचो. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला तर आठ-आठ आडदांड माणसं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. वर्षभर दुसऱ्यांच्या पोरांना रांधून घालायचं आणि सुट्टीत ह्यांना.

म्हणून मी ट्रेलर बांधायला घेतला, उत्तरेच्या मोठ्या सरोवरावर एकटीनं जायला. एका माणसाला पाय पसरून झोपता येईल, मागचं दार वर उचललं की ओट्यावर एक शेगडी मावेल, एवढाच. तंबूत जमिनीवर झोपून उठणं आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. आणि तो हलका हवा होता, कारण माझी गाडी लहान आणि जुनी. पाचशे किलोच्या वर काही जोडलं तर चढावर तिचा जीव जातो. लोवेलचा दांडगा पिकअप आहे, पण त्याला मी हात लावायचा नाही. मी गिअर ओरबाडते म्हणे.

एका जुन्या होडीच्या ट्रेलरचा सांगाडा मिळाला. त्यावर घरांच्या भिंतींत घालतात ते फोमचे जाड गुलाबी तक्ते चिकटवून मी भिंती उभ्या केल्या, छताला गोल वळण दिलं, वर गोंदात भिजवलेलं कॅनव्हास ताणलं आणि त्यावर रंग दिला. लिहायला सोपं आहे. दोन हिवाळे लागले. बाहेर नाकातले केस गोठवणारी थंडी, गॅरेजमध्ये एक छोटा हीटर, आणि गोंद वाळेपर्यंत मी कोट घालून त्याच्याशेजारी बसलेली.

लोवेल कॉफी घ्यायला आला की दारातून डोकवायचा. "काय म्हणतोय तुझा बर्फाचा डबा?"

ड्वेन आला की बोटानं भिंत टिचकावून बघायचा. त्यानं सगळी नोकरी रस्ते खात्यात लोखंड जोडण्यात घालवली. जे दोघांनी मिळून उचलावं लागत नाही ते त्याला खरं वाटत नाही. "आर्डिस, समोरून ट्रक गेला ना, तर हे उडून कॅनडात पडेल."

"पडू दे. मीही तिकडेच असेन."

हसायचे दोघं.

डोलोरेस मात्र हसली नाही. पहिल्या हिवाळ्यात ती दर गुरुवारी यायची. घरी सांगायची, चर्चच्या गाण्याची तालीम आहे. येताना स्वतःची इस्त्री घेऊन यायची आणि ओल्या कॅनव्हासवरची एकेक सुरकुती काढायची. माझ्या हातून कोपऱ्यांत घड्या पडायच्या, तिच्या हातून कधी पडली नाही. रंगही तिनंच निवडला, मोहरीसारखा पिवळा. "दोघींना झोपता येईल का गं यात?" तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, चिकटून झोपावं लागेल. ती म्हणाली, तीस वर्षं घोरणाऱ्याशेजारी काढलीत, तू काय मोठी.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती गेली. पोटात काहीतरी होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर केबिनवरच्या सगळ्या कढया माझ्या एकटीच्या, आणि दर रविवारी ड्वेनला डबाही मीच पोचवत होते. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. माणूस एकटा पडला होता.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ट्रेलर तयार झाला. दिवे लागत होते, दार नीट बसत होतं, वजन चारशे वीस भरलं. आता निघायचं, तेवढ्यात फार्गोहून बहिणीचा फोन आला. तिच्या कमरेचा सांधा बदलायचा होता. मी जवळजवळ सगळा जून तिच्याकडे राहिले. लोवेल फोनवर सांगायचा, इकडे सगळं ठीक आहे. आवाजात जरा खुशी असायची. मला वाटलं, मासे बरे लागत असतील.

परत आले तर आमच्या अंगणात चर्चची निम्मी मंडळी उभी. शेजारची मार्लिस लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन. कॉफीची मोठी किटली. आणि मधोमध एक चकचकीत पेटारा, त्यावर लाल रिबीन.

मला खरोखर आधी कळलंच नाही ते काय आहे.

"सरप्राइज!" लोवेल म्हणाला.

मग मला छताचं गोल वळण दिसलं. बाकी माझं काही दिसत नव्हतं. भिंतींवर प्लायवूड ठोकून त्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे मारलेले. खाली लोखंडाचे नवे आडवे बार. मागे असा बंपर, की बुलडोझरला शोभावा. समोरच्या भिंतीला आरपार भोक पाडून त्यात एसी बसवलेला. आतला माझा ओटा उखडून तिथे एकावर एक दोन फळ्यांचे पलंग.

"आता बघ," ड्वेननं पत्र्यावर थाप मारली, पिंपासारखा आवाज झाला. "आता हा ट्रेलर झाला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, "पिवळा रंग कुठेय?"

"आत आहे गं, खाली," ड्वेन म्हणाला. "काळजी करू नकोस, आता त्याला ऊन-पाऊस काही लागणार नाही."

"ड्वेन, हे माझ्या गाडीला ओढवेल का?"

"तुझ्या त्या गाडीला?" तो हसला. "पिकअप आहे ना लोवेलचा."

"मी घेऊन जाईन तुला," लोवेल म्हणाला. "जिथे म्हणशील तिथे."

"आणि नोव्हेंबरात केबिनवर न्यायचा," ड्वेन सांगत होता, मला नाही, सगळ्यांना. "दरवर्षी शिकारीला दोघंजण जमिनीवर झोपतात. आता दोन पलंग झाले."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती कुठून कुठे जाते ते मला त्या क्षणी नेमकं कळलं.

आमच्याकडे कुणी ओरडत नाही. कुणाचा ट्रॅक्टर कुणाच्या अंगणात घुसला तरी लोक म्हणतात, अरेच्चा. मी ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुला? कुणी? दोन वर्षं तुम्ही दारात उभं राहून दात काढलेत, आणि मी पाठ फिरवली की माझ्या वस्तूत भोकं पाडलीत? तुमच्या शिकाऱ्यांना झोपायला? मग स्वयंपाकीणही सोबत बांधूनच घ्या ना, तिला कुठे ठेवणार, बंपरवर?"

कुणी हललं नाही. मार्लिसच्या हातातलं ताट तेवढं तिरकं झालं.

"आर्डिस," लोवेल हळूच म्हणाला, "लोक आहेत."

"लोकांना कुणी बोलावलं? मी?"

"बरं तर," कुणीतरी म्हणालं, "निघावं आता." आणि वड्या न खाता सगळे निघाले. ड्वेन शेवटी गेला. जाताना त्यानं रिबीन सोडवून, नीट गुंडाळून खिशात घातली. त्याचाही मला संताप आला.

पुढचा आठवडाभर मला शहाणपण शिकवायला जो तो आला. चर्चमध्ये कॉफी ओतताना पाद्रीबाई म्हणाल्या, त्यानं प्रेमानंच केलं. मार्लिस म्हणाली, बिचाऱ्याला डोलोरेसनंतर काहीतरी उद्योग हवा होता. रोज रात्री जेवताना लोवेल म्हणायचा, "एक थँक्यू म्हण त्याला. एका शब्दानं तुझं काय जातंय?"

"माझा ट्रेलर गेलाय."

"गेला कुठे? बाहेर उभा आहे. आधीपेक्षा मजबूत."

"मी मजबूत मागितला होता?"

"तू ना, कधी कशानं खूश होत नाहीस."

हे त्यानं मी केलेलं जेवण जेवता जेवता म्हटलं. मी माझं ताट उचललं आणि गॅरेजमध्ये जाऊन जेवले.

दुसऱ्या सकाळी तो अजून अंथरुणात असताना मी पिकअपची किल्ली खुंटीवरून काढली, ट्रेलर जोडला आणि खडीच्या खाणीवरच्या वजनकाट्यावर नेला. गिअर एकदाही ओरबाडला नाही. काटा आठशे चाळीसवर थांबला. मी घरी येऊन लोवेलला उठवलं. "दुप्पट," मी म्हटलं. "तुम्ही माझी गाडी बाद केलीत आणि पिकअपची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवलीत. याला मजबुती म्हणतात का?"

"मी तसा विचारच नव्हता केला," तो म्हणाला.

"ते दिसतंय."

त्याच दिवशी मी ड्रिल घेऊन बसले. पत्र्यांच्या रिव्हेटी एकेक फोडून काढायच्या, मग प्लायवूडचे स्क्रू. फोममध्ये स्क्रू धरत नाही, म्हणून ड्वेननं ठिकठिकाणी भिंत खरवडून आत लाकडाच्या पट्ट्या बसवल्या होत्या. प्रत्येक पट्टी काढली की खाली कॅनव्हास फाटलेलं निघायचं आणि मला नव्यानं राग यायचा. रागानं काम भराभर होतं, एवढं मात्र खरं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ड्वेन आला. कुणीतरी सांगितलंच असणार. ट्रकमधून उतरला आणि अंगणात रचलेल्या पत्र्यांकडे बघत उभा राहिला.

"काय चाललंय?"

"दिसतंय की."

"उन्हात उभा राहून बसवलेत मी ते. एकेक."

"मीपण उन्हातच काढतेय."

"वेड लागलंय तुला, आर्डिस. माझं अख्खं महिन्याचं काम आहे ते!"

"माझं दोन वर्षांचं होतं! तू विचारलंस मला? फार्गोला फोन जात नाही? तुला उद्योग हवा होता तर मला सांगायचं, मी दिला असता. फोम घासायला बसवलं असतं. पण तुला ते नको. तुला दुसऱ्याचं काम चुकीचं ठरवायचं होतं."

त्याचा चेहरा लाल झाला. "वर्षभर तू मला डबा दिलास. म्हणून केलं मी. आणि डोलोरेस असती ना, तर तिनं तुला सांगितलं असतं की..."

"डोलोरेसचं नाव घेऊ नकोस इथे."

"माझी बायको होती ती!"

"हो ना? मग दर गुरुवारी कुठे असायची ती?"

"तालमीला."

"इथे असायची. या गॅरेजमध्ये, इस्त्री घेऊन. हे कॅनव्हास तिनं बसवलंय. हा रंग तिचा. माझ्याबरोबर मोठ्या सरोवरावर यायचं होतं तिला. तुझ्या तळ्यावर नाही. त्यावर तू स्क्रू मारलेस, ड्वेन. ही बघ भोकं, एकेक मोज."

हे मी त्याला दुखवायलाच बोलले. आणि त्याला दुखलं. तो भिंतीपाशी आला. पिवळ्या रंगावरून हात फिरवत तो एका भोकापाशी थांबला, पुढच्याकडे गेला. मग मागे वळून ट्रकमध्ये बसला आणि निघून गेला. पत्रेही नेले नाहीत.

मला त्याची कीव आली का? आली. पण राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी पोटात राहू शकतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

खालचे लोखंडी बार एकट्या माणसाला निघण्यासारखे नव्हते. मी पाठीवर झोपून पाना लावत होते आणि तोंडानं जे येईल ते बोलत होते, तेव्हा लोवेलचे बूट दिसले. बराच वेळ नुसते बूट.

"धरू का?" त्यानं विचारलं.

"धर. नुसतं धर. काही सुचवू नकोस."

त्यानं धरलं. सगळी दुपार धरलं आणि एक शब्द बोलला नाही. शेवटचा बार खाली आला तेव्हा त्याचा अंगठा सोलला होता. मी पट्टी आणून दिली. त्यानं स्वतःच लावली.

एसी आणि पलंग काढून टाकले, ओटा परत बसवला, भोकं फोमच्या तुकड्यांनी बुजवली, वर कॅनव्हासची ठिगळं चिकटवली. डोलोरेससारखी मला जमली नाहीत. रंग तोच आणला, पण नवा आणि जुना पिवळा एक होत नाही. ट्रेलर आता कांजिण्या झालेल्या पोरासारखा दिसतो. वजन साडेचारशेच्या जरा वर गेलं. ओढवतं.

सप्टेंबरात, शाळा सुरू झालेली असताना, मी रजा टाकली. आजवर अशी कधीच टाकली नव्हती. निघताना लोवेल गाडीपाशी आला.

"मी येऊ का?"

"या वेळी नको."

"ड्वेन विचारत होता, नोव्हेंबरचं काय."

"त्याला फोन करता येतो ना? मला करायला सांग."

ड्वेननं फोन केला नाही. आजपर्यंत केलेला नाही. रविवारी चर्चमध्ये तो दोन बाकं सोडून बसतो, डबा मी बंद केलाय, आणि लोक मान हलवतात. हलवू देत.

सरोवराकाठी पोचले तेव्हा आभाळ शिशासारखं झालं होतं आणि खडकांवर लाटा आपटत होत्या. पहिल्याच संध्याकाळी पाऊस आला. आत पडून मी ऐकत होते, तर कपाळावर थेंब पडला. एसीच्या भोकाचं ठिगळ गळत होतं. मी उठून बसले आणि ड्वेनला अशा शिव्या दिल्या, की शेजारच्या तंबूतला कुत्रा भुंकायला लागला. मग थेंबाखाली पातेलं ठेवलं, उशी दुसऱ्या बाजूला नेली. पाय पसरले. भिंतींच्या मधे मी आडवी नीट मावत होते.

सकाळी मागचं दार उचलून कॉफी ठेवली, एक अंडं तळलं. एकच. लोवेलचा फोन आला.

"कधी येतेस परत?"

"ठरलं नाही अजून," मी म्हटलं आणि अंडं उलटायला फोन खाली ठेवला.