सगळ्यांच्या मापाचा कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. फोटोच्या दुकानातली एक खुंटी, एवढेच माझे घर. माझ्यावर मालकी कोणा एकाची नाही. पण मला अंगात घालून घटकाभर साहेब झालेली माणसे गावभर पसरली आहेत, आणि त्याची मला थोडी मिजासही आहे. वेळ असेल तर बसा, सांगतो.

मला शिवले ते फोटोवाल्या काकांच्या लग्नासाठी. तेव्हा काका काडीसारखे होते. लग्न मानवले म्हणा किंवा काकूंच्या हाताची चव म्हणा, त्यांनी असे काही अंग धरले की माझी बटणे आणि काजे यांची पुन्हा भेट म्हणून झाली नाही. कपाटात कसर लागू देण्यापेक्षा काकांनी मला दुकानात आणून टांगले. शेजारी आरसा, पावडरचा डबा आणि दोरीने बांधलेला कंगवा. दोरी अशासाठी, की आधीच्या तीन-चार कंगव्यांना पाय फुटले होते.

नोकरीचा अर्ज असो, गाडीचा परवाना असो, गिऱ्हाईक आले की काका मला त्याच्यावर चढवत. एकदा एक पहिलवान आले. त्यांच्या खांद्यांवर मी काही केल्या बसेना, तेव्हा काकांनी माझी पाठीची शिवणच उसवली. ती पुन्हा घालायची राहून गेली ती गेलीच. पण त्यामुळे मी सगळ्यांच्या मापाचा झालो! जाड माणसाला पाठ उघडी ठेवायची, बारीक माणसाला मागून लाकडी चिमटे लावायचे. फोटोत पाठ कुठे दिसते? समोरून सगळे झोकात. मला घातले की वाकलेली मान आपोआप ताठ होई, आणि आरशात बघून लोक स्वतःशीच लाजत. ते लाजणे मला फार आवडे.

मग दुकानात संगणक आला आणि माझे दिवस फिरले. संगणकात कोटच कोट होते. काळे, निळे, टाय लावलेले, इस्त्री न मोडणारे. गिऱ्हाइकाने बनियनवर फोटो काढला तरी काका त्याला बसल्या जागी कोट चिकटवून देत. वर पुटकुळ्या पुसत, डोळ्यांखालची काळी वर्तुळे घालवत, रंग दोन हात उजळून देत. कोणाला दुखवायचे नाही, जो येईल त्याला तो आहे त्यापेक्षा छान करून पाठवायचे, हा त्यांचा धर्मच होता. मला मात्र दाराच्या मागे सरकवले. माझ्यावर धूळ बसली. एक कोळी माझ्या खिशात बिऱ्हाड करून राहिला. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटले.

अशात एके दिवशी एक शिंपी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीला परदेशात शिकायला जायचे होते. प्रवेश मिळाला होता, आता व्हिसाच्या अर्जाला लावायला फोटो हवा होता. ती पांढरा शुभ्र शर्ट घालून आली होती. डाव्या गालावर तिच्या एक जुना डाग होता, इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा. लहानपणी ती बाबांच्या मशीनपाशी खेळत असताना गरम इस्त्री तिच्यावर पडली होती. फोटो काढून झाल्यावर शिंपी काकांच्या कानाशी लागले.

"दादा, तेवढा डाग घालवता आला तर बघा. साहेब लोकांपुढे जायचंय फोटो."

"अहो, सांगायला हवं का? मी काय नुसता बसलोय?" काका म्हणाले.

डाग गेला. पांढऱ्या पडद्यावर पांढरा शर्ट उठून दिसेना म्हणून संगणकातला एक निळा कोटही बसला. फोटो इतका सुंदर झाला की मी दारामागे जळफळत राहिलो.

मित्रांनो, काही दिवसांनी ते दोघे धावतपळत परत आले. शिंप्यांच्या तोंडाला फेस आला होता. व्हिसाच्या कचेरीतल्या बाईंनी फोटो परत केला होता. पासपोर्टावरच्या चेहऱ्याला डाग आहे, समोर बसलेल्या मुलीला डाग आहे, मग फोटोतली ही कोण? शिवाय कोटही चिकटवलेला. असा हात फिरवलेला फोटो चालत नाही, खिडकी बंद व्हायच्या आत दुसरा आणा, नाहीतर पुढची तारीख घ्या, असे त्यांनी सांगितले होते. आणि पुढची तारीख कॉलेज सुरू झाल्यानंतरची होती.

काकांचा चेहरा पडला. "माझ्या हातून असं व्हावं? मी तर भलं करायला गेलो," असे ते चार वेळा म्हणाले.

"काका, ते नंतर! आधी फोटो काढा," मुलगी म्हणाली.

पण अंगात तोच पांढरा शर्ट! काकांनी इकडेतिकडे पाहिले आणि त्यांची नजर दारामागे गेली. त्यांनी मला ओढून काढले, दोनदा जोरात झटकले. कोळ्याचे बिऱ्हाड मोडले. तिघेही शिंकले. चिमटे काही सापडेनात. काकूंनी ते केव्हाच कपडे वाळत घालायला नेले होते. तेव्हा शिंप्यांनी आपल्या कॉलरमागे खोचलेली दोऱ्याची सुई काढली, मुलीला पाठमोरे उभे केले आणि माझ्या उघड्या पाठीला भराभर कच्चा धागा घातला.

"कोणी केली हो ही दशा? कापड तर अस्सल आहे," ते पुटपुटले. इतक्या वर्षांनी माझी कोणी चौकशी केली होती. मला भरून आले.

मुलगी स्टुलावर बसली. काका कॅमेऱ्यामागे गेले. शिंप्यांनी पुढे होऊन तिचे केस हळूच डाव्या गालावर ओढले.

"बाबा, चेहरा उघडा हवाय."

"माहितीये गं. पण एवढंसं झाकलं तर कोण बघतंय? माझ्या एका चुकीपायी तुला जन्मभर..."

मुलगी हसली. "बाबा, मी तिकडे काय शिकायला चाललेय?"

"ते कापडाचं काहीतरी."

"भाजलेल्या कातडीवर बांधायचं कापड. जखमेला चिकटणार नाही असं. माझी पट्टी बदलताना मी किती रडायचे, आठवतं? तुम्ही पाण्यानं भिजवून भिजवून ती सोडवायचात. तेव्हापासून डोक्यात आहे माझ्या. हा डाग नसता तर मला हे सुचलंच नसतं. राहू दे तो फोटोत."

मी तिच्या खांद्यांवर होतो. ते जरासुद्धा हलत नव्हते. मग शिंप्यांनी तिचे केस आपल्या हाताने मागे सारले, कानामागे नीट खोचले आणि ते बाजूला झाले. "घ्या, दादा," ते म्हणाले. काकांनी बटण दाबले आणि सवयीने संगणकावर हात फिरवायला गेले, पण वेळीच जीभ चावून त्यांनी तो मागे घेतला.

फोटो वेळेत पोचला. व्हिसा मिळाला. पेढा-बर्फी काही माझ्या वाट्याला येत नाही, पण काकांनी ती बातमी मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने काकूंना सांगितली.

मुलगी गेल्यावर एका दुपारी शिंपी एकटेच आले. त्यांनी मला मांडीवर घेतले, कच्चा धागा काढला, पाठीला आतून एक पट्टी जोडली आणि तिला हूक लावले. आता बारीक येवो की पहिलवान, चिमट्यांची गरज नाही. मग ते जरा घुटमळले.

"लेकीचा निरोप आलाय. खोलीत लावायला माझा फोटो हवाय तिला. म्हणते, तोच कोट घालून काढा."

त्यांनी मला घातले आणि आरशात पाहून माझी कॉलर दोनदा सारखी केली. "उभा जन्म लोकांचे कोट शिवले, दादा. अंगात आज पहिल्यांदा घालतोय."

"मग झकास करू की! केस काळे करू? सुरकुत्या घालवू?" काकांनी चिडवत विचारले.

"काही नको. तिनं मला ओळखायला पाहिजे," शिंपी म्हणाले, आणि ताठ बसले.

तर मित्रांनो, आता मी पुन्हा आरशाशेजारच्या खुंटीवर असतो. तुम्हीही कधीतरी फोटोला याल. चेहऱ्यावर जे काही असेल ते घेऊन या, त्याची लाज नको. मान ताठ करायचे काम माझ्याकडे लागले. फक्त जाताना मला एकदा झटका आणि खुंटीवर सरळ अडकवा. माझ्यानंतर रांगेत कोणीतरी उभे असते, आणि त्यालाही कुठेतरी जायचे असते.