कॅसेट उलटताना

ग्लेनने कॅसेटचा डबा टेबलावर ठेवला, पण कोट काही काढला नाही. कर्टिसच्या स्वयंपाकघरात तो कित्येक वर्षांनी आला होता आणि फार वेळ बसायचा त्याचा विचार नव्हता. बाहेर व्हरमाँटचा मार्च, दारापर्यंत चिखल. कर्टिसने न विचारताच कॉफी ओतली.

'स्लो फेरी' या बँडच्या मागे दोघांनी उमेदीची वर्षं घालवली होती. प्रत्येक कार्यक्रमाला जायचं, माइकच्या उंच काठ्या उभारायच्या, सगळं टेप करायचं आणि प्रती फुकट वाटायच्या. बँडचीही ना नव्हती. काठीजवळ कुणी नुसतं गुणगुणलं, तरी ग्लेन ओठांवर बोट ठेवून असा बघायचा की माणूस मुकाट्याने लांब जायचा.

कॅसेटची बाजू संपली की ती उलटावी लागे आणि तेवढ्यात वाजलेलं हातचं जाई. म्हणून दोघं आपापली यंत्रं मागेपुढे सुरू करत. एकाचं निसटलेलं दुसऱ्याकडे सापडायचं.

मेन राज्यातल्या एका कार्यक्रमात मात्र घात झाला. स्टुडिओत चार मिनिटांत आटपलेलं गाणं बँडने त्या संध्याकाळी असं काही फुलवलं की मैदान वेडं झालं, आणि ऐन रंगात ग्लेनची बाजू संपली. त्याने कर्टिसकडे तेवढा तुकडा मागितला. माझ्याकडे नाही, कर्टिस म्हणाला. ग्लेनने त्याला चारचौघांत लबाड, चोर ठरवलं आणि बोलणं तुटलं. रिकाम्या जागी त्याने स्टुडिओतला तुकडा चिकटवला. गोणपाटाला रेशमाचं ठिगळ, असं कर्टिस म्हणाल्याचं कानावर आलं तेव्हा तो आणखीच भडकला.

आता त्या कार्यक्रमाची बँडकडची मूळ टेप पुरात गेली होती. बँडचा संग्रह सांभाळणाऱ्या नोरीनने ग्लेनला फोन केला होता. ते गाणं अखंड मिळालं तर अल्बम काढू, त्यावर तुमचं नाव घालू. तुटकं असेल तर राहू दे. ग्लेनने जन्मभर याच फोनची वाट पाहिली होती. म्हणून तो नाक मुठीत धरून आला होता.

"ठेवलीस तेवढी ठेवलीस," तो म्हणाला. "आता दे."

कर्टिसने आपली कॅसेट आणली, यंत्रात घातली आणि कळ दाबली.

टेप पहिल्या गाण्याच्या मधूनच सुरू झाली. ग्लेन चमकला. त्याची स्वतःची टेपही याच शब्दापासून सुरू व्हायची. ते ठीक होतं; तो उशिरा पोचला होता. पार्किंगमध्ये दोघांसाठी चीज सँडविच घ्यायला रांगेत अडकला होता, आणि धावत येऊन अंधारात त्याने आपली कळ दाबली होती. पण कर्टिस तर आधीपासून तिथे होता.

"तुझी सुरुवात कुठे गेली?"

"मी सुरू केलं नव्हतं. तू आला नव्हतास ना. तुझी वाट बघत होतो; अंधारात तू कळ दाबलीस, तेव्हाच मीही दाबली."

ग्लेनने कप खाली ठेवला. एकदम सुरू झालेल्या कॅसेटी एकदमच संपणार, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मग तेव्हाच सांगायचं होतंस."

"तू विचारलंस कुठे? सरळ चोर म्हणालास."

ग्लेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग उठून त्याने कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"नोरीनला काय सांगू?"

"नाहीये म्हणून सांग. सँडविच मात्र झकास होतं."

दोघं ऐकत बसले. ते गाणं आलं, चढत गेलं आणि ऐन रंगात खट्कन तुटलं. त्या रिकाम्या जागेत कर्टिस डोळे मिटून, आठवेल तसं, पार बेसूर गुणगुणू लागला.

ग्लेनचा हात सवयीने वर गेला. ओठांपर्यंत न पोचताच तो परत टेबलावर आला आणि हळूहळू ठेका धरू लागला.